तुम्ही विचारलंत म्हणून: माझे पुढचे दोन दात मोठे आहेत का?

"डॉक्टर, पुढचे दोन दात जरा बारीक करून द्या ना, फार मोठे दिसतात." हे मी नेहमी ऐकतो. हल्ली सोबत मोबाइलवर केलेला सुवर्ण गुणोत्तराचा हिशोबही असतो.

तो हिशोब आधी बाजूला ठेवू. १.६१८चं हे गुणोत्तर १९७०च्या दशकात दंतवैद्यकात आलं. समोरून पाहताना मधल्या दाताच्या सुमारे ६२ टक्के रुंद शेजारचा दात दिसावा आणि त्याच्या ६२ टक्के सुळा, असं ते सांगतं. ही समोरून दिसणारी रुंदी, दाताची खरी रुंदी नव्हे. दातांची कमान मागे वळते, त्यामुळे सुळा अर्धामुर्धाच दिसतो. त्यातून सेल्फीत कॅमेरा इतका जवळ असतो, की मधले दात आणखी फुगतात. १९९३ साली प्रेस्टन या दंतवैद्यांनी प्रत्यक्ष मोजून पाहिलं, तेव्हा मधल्या आणि शेजारच्या दातात हे नातं जेमतेम १७ टक्के जणांत निघालं. बाकीचे काय वाईट हसत होते?

मी पाहतो ते मधल्या दाताचंच माप. रुंदी उंचीच्या ७५ ते ८० टक्के असली की मधला दात डोळ्याला बरा वाटतो. त्याहून जास्त झाली की तो चौकोनी, बोजड दिसू लागतो. पण गंमत अशी, की तुम्ही ज्याला 'मोठा' म्हणता तो बरेचदा आखूड असतो! झोपेत दात खाऊन त्याची कड झिजलेली असते (चेहरा वयस्कर दिसतो तो यानेही), नाहीतर हिरडीने त्याचा वरचा भाग झाकलेला असतो. अशा दाताच्या बाजू घासल्या तर निरोगी इनॅमल जातं आणि दात आखूडचा आखूडच राहतो. त्याला उंची हवी: कड बांधून किंवा हिरडी थोडी मागे घेऊन.

कधी दोष शेजाऱ्याचा असतो. बाजूचा दात जन्मतःच खुंटीसारखा बारीक असेल, तर मधले दोन उगाच थोराड दिसतात. तिथे बाजूच्याला काँपोझिटने (दाताच्या रंगाच्या भरणाने) भरतो, मधल्यांना हातही लावत नाही.

दातांची मधली रेघ नाकाच्या रेषेत नाही, ही तक्रार मात्र मी फारशी मनावर घेत नाही. कोकिच आणि सहकाऱ्यांच्या १९९९च्या अभ्यासात ती चार मिलिमीटर सरकवलेली असतानाही सामान्य माणसांना खटकली नव्हती; खटकली ती दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांना.

तेव्हा घासण्याआधी काँपोझिट न चिकटवता नुसतं दातावर बसवून घ्या, आरशात हसून पाहा, बोलून पाहा. नाही आवडलं तर ते लगेच निघतं.