सतोपंथ (७०७५ मी.): गंगोत्रीहून शिखरापर्यंत

आधी एक घोळ मिटवू. बद्रीनाथजवळच्या माणा गावातून लोक ज्या सतोपंथ तालाला (सरोवराला) जातात, तो रस्ता या चढाईचा नाही. शिखरासाठी गंगोत्री गाठायची. दिल्लीच्या इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनची परवानगी आणि उत्तरकाशीहून मिळणारा राष्ट्रीय उद्यानाचा परवाना, दोन्ही हातात हवेत. कनखूच्या चौकीवर कागद तपासतात.

गंगोत्री ते भोजबासा १४ किमी, वाट मळलेली. चीडबासाच्या पुढे गीला पहाडाखाली मात्र दुपारी वारा सुटला की दगड सुटतात. तो टप्पा सकाळीच उरका आणि तिथे डबा उघडून बसू नका. गोमुखानंतर धड वाट नाही. हिमनदीवर दगडमातीचा थर आणि खाली बर्फ. रस्ता सतत बदलतो, म्हणून जुन्या दगडी खुणांवर विसंबू नका. नंदनवनला (सुमारे ४३०० मी.) एक मुक्काम जादा काढा. वासुकी तालचा बेस कॅम्प थेट ४९०० मीटरच्या आसपास आहे, घाईने पोचलेल्यांचं डोकं तिथेच धरतं.

पहिली चढाई १ ऑगस्ट १९४७ ची, स्विस मोहिमेची: आंद्रे रॉश, रेने दितेर, आल्फ्रेड सुटर आणि गाइड अलेक्झांडर ग्राव्हेन. त्याआधी केदारनाथ शिखरावर मोहिमेचा सरदार (शेर्पांचा प्रमुख) वांगदी नोर्बू कोसळून जबर जखमी झाला आणि सरदारकी तेनझिंग नोर्गेकडे आली.

सतोपंथला एव्हरेस्टची रंगीत तालीम म्हणतात. अर्धंच खरं. तिथे दोर आधीच लावलेले मिळतात, इथे आपले आपण लावायचे.

खरी मेख साधारण ६००० मीटरवरच्या अरुंद धारेत आहे. मे-जूनमध्ये तिच्यावर मऊ बर्फ साचलेला असतो. त्यात उभा ठोकलेला स्नो स्टेक (दोर अडकवायची धातूची लांब पट्टी) उन्हात तापून ढिला पडतो. तो आडवा पुरा, वर बर्फ दाबून बसवा. सप्टेंबरात खालचा कडक बर्फ उघडा पडतो, तेव्हा आइस स्क्रू (बर्फात पिळून बसवायचे स्क्रू) लागतात. दोर किमान ८०० मीटर न्या. रात्रीत दोर बर्फात गोठून चिकटतो, म्हणून सगळ्यात पुढच्याने तो हलक्या हाताने सोडवत आणि प्रत्येक अँकर (दोर जिथे पक्का बांधलाय ती जागा) तपासत जायचं. दोन अँकरच्या मध्ये एका वेळी एकच माणूस. अँकर ओलांडताना आधी सेफ्टी कॅरॅबिनर (कमरपट्ट्याला जोडलेली उघडमिटीची कडी) पुढच्या दोरात, मगच जुमार (दोरावर फक्त वर सरकणारी पकड) काढायचा. दमलेला माणूस हाच क्रम चुकवतो.

ही धार परततानाही ओलांडावी लागते, बहुतेक संघांचं गणित इथेच चुकतं. समिट कॅम्पवरून (धारेपलीकडच्या शेवटच्या तळावरून) मध्यरात्री निघा. शिखर झालं की त्याच दुपारी धारेअलीकडच्या कॅम्प १ ला उतरायचा मोह टाळा, कारण तोवर धारेवरचा बर्फ भुसभुशीत होतो. रात्र समिट कॅम्पवर काढून पहाटे उतरा. त्यासाठी एका दिवसाचं जादा खाणं आणि गॅस वर पोचवलेला हवा: दोघांमागे दिवसाला गॅसचा २३० ग्रॅमचा एक डबा, कारण सगळं पाणी बर्फ वितळवूनच करायचं. उतरताना शेवटच्या जोडीने दोर काढून आणायचे.