चार रकान्यांचं गाव

सिंगापूरमध्ये कायम रहिवासी झालात की एक निळं ओळखपत्र हातात पडतं. नागरिकांचं गुलाबी असतं. त्यावर नाव आणि जन्मतारखेच्या बरोबरीनं 'वंश' छापलेला असतो. माझ्या कार्डावर 'इंडियन' आहे. आता कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला 'भारतीय' हा आपला वंश आहे हे ऐकून जरा गंमतच वाटणार. त्यात या रकान्यात माझ्या सोबतीला पाकिस्तानी, बांगलादेशी आणि श्रीलंकेचे सिंहलीही आहेत. क्रिकेटच्या सामन्याला आम्ही एकमेकांच्या विरुद्ध ओरडतो, जनगणनेत मात्र एका ओळीत बसतो.

रकाने एकूण चार: चिनी, मलय, भारतीय आणि 'इतर'. 2020च्या जनगणनेत चिनी साधारण 74 टक्के, मलय साडेतेरा, भारतीय 9 आणि उरलेले इतर. ही वाटणी इंग्रजांच्या काळापासूनची. इंग्रजांचं सिंगापूर वसवणाऱ्या रॅफल्सनं 1822 मध्ये शहराचा आराखडा करायला घेतला, तेव्हाच कोणी कुठे राहायचं ते ठरवलं होतं. गोरे एका बाजूला, चिनी नदीपलीकडे, दक्षिण भारतातून आलेले चुलिया लोक वेगळे, मलय, सुलावेसी बेटावरून आलेले बुगी आणि अरब हे कांपोंग ग्लाम या भागाकडे. आज पर्यटक चायनाटाऊन बघून कांपोंग ग्लामला जातात आणि फोटो काढतात, ते याच आराखड्याचे उरलेले तुकडे.

ओळखपत्रावर काहीही छापा हो, रोजच्या जगण्यात काय फरक पडतो, असं मलाही सुरुवातीला वाटायचं. पण इथे रकाना तुमच्या मागे घरापर्यंत येतो.

इथली बहुतेक जनता एचडीबी, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळानं बांधलेल्या इमारतींत राहते. 1989 पासून या प्रत्येक इमारतीत कोणत्या वंशाची किती घरं असावीत याची मर्यादा आहे. इमारतीत चिनी जास्तीत जास्त 87 टक्के, मलय 25, भारतीय आणि इतर मिळून 15. संपूर्ण परिसरासाठी आकडे याहून थोडे कमी. कारण सरळ होतं: ऐंशीच्या दशकात काही भागांत मलय तर काही भागांत चिनी वस्ती दाट व्हायला लागली होती, आणि 1964 च्या चिनी-मलय दंगली पाहिलेल्या पिढीला त्याची धास्ती होती.

एक मजला चढून वर गेलात की या धोरणाचा फायदा दिसतो. एका दारापुढे चिनी नववर्षाचे लाल कागद, पुढच्या दारापुढे ईदचे दिवे, कोपऱ्यावर तमिळ कुटुंबाचा कोलम. मुंबईत मांसाहारींना घर न देणाऱ्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत, त्यामुळे मला याचं कौतुक आहे आणि ते मी लपवत नाही. पण आमच्या ओळखीच्या एका भारतीय कुटुंबाला घर विकायचं होतं आणि त्यांच्या इमारतीत चिनी मर्यादा भरलेली होती. म्हणजे त्यांनी चिनी माणसाला विकायचं नाही. चिनी मालक चिनी गिऱ्हाइकाला खुशाल विकू शकतो, कारण त्यानं टक्का बदलत नाही. यांचे मात्र तीन चतुर्थांश गिऱ्हाईक एका फटक्यात गेले. महिनोन् महिने घर पडून राहिलं आणि शेवटी मनासारखी किंमत आलीच नाही. सगळ्यांच्या सलोख्याचं बिल अशा वेळी एकाच घराच्या नावावर फाटतं. सरकारला हे ठाऊक आहे, आणि अशा अडकलेल्या काही घरांसाठी ती परत विकत घेण्याची सोयही आता आहे.

शाळेतही तेच. प्रत्येक मुलाला इंग्रजीबरोबर 'मातृभाषा' शिकावी लागते, आणि ती ठरते वंशावरून. चिन्यांना मँडरिन, मलयांना मलय. ज्या चिनी मुलाची आजी घरी होक्किएन ही दुसरी चिनी बोली बोलते त्यालाही मँडरिनच. भारतीयांना तमिळ, किंवा हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू यांतली एक. मराठी या यादीत नाही. त्यामुळे माझ्या लेकीच्या वेळापत्रकात मातृभाषेच्या तासाला हिंदी आहे, आणि घरी तिचा अभ्यास घेणाऱ्या आईची हिंदी कोल्हापुरी. 'दही खट्टा की खट्टी' यावर आमच्या जेवणाच्या टेबलावर वाद होतो आणि दोघीही चुकीच्या ठिकाणी ठाम असतो.

पगाराच्या स्लिपवरही एक ओळ आहे. चिनी, मलय-मुस्लिम, भारतीय आणि युरेशियन (युरोपीय-आशियाई मिश्र वंशाचे) अशा प्रत्येक समाजासाठी स्वतंत्र मदतनिधी आहे आणि पगारातून दरमहा छोटी वर्गणी कापली जाते. भारतीयांसाठी सिंडा. नको असेल तर अर्ज करून थांबवता येते. मी थांबवलेली नाही, गरीब घरच्या मुलांच्या शिकवण्या त्यातून चालतात. पण गरजू मुलाला मदत करताना आधी त्याचा वंश का बघायचा, हे मला अजून कुणी पटेल असं सांगितलेलं नाही.

रकान्यांच्या कडा कुठे फाटतात ते पाहायचं असेल तर आडनावं बघा. पोर्तुगीज आल्बुकर्कनं 1510 मध्ये गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी आजच्या मलेशियातलं मलाक्का बंदर. त्या मलाक्काच्या पोर्तुगीज वंशजांपैकी अनेक जण पुढे सिंगापूरला आले. त्यांच्यात डिसोझा आहेत, परेरा आहेत. ते 'युरेशियन', म्हणजे जनगणनेत 'इतर'. आणि म्हापशाहून नोकरीसाठी आलेला डिसोझा? तो इंडियन. सिंडाच्या वर्गणीच्या नियमात तर गोवेकरांचा नावानिशी उल्लेख आहे. आडनाव तेच, चर्चही कदाचित एकच.

2017 मध्ये तर हा वाद थेट राष्ट्राध्यक्षपदापर्यंत गेला. ती निवडणूक फक्त मलय उमेदवारांसाठी राखीव होती. हलिमा याकोब बिनविरोध निवडून आल्या. त्यांची आई मलय आणि वडील भारतीय मुसलमान. त्या 'पुरेशा मलय' आहेत का, यावर माणसं कॉफीच्या दुकानात तावातावानं बोलत. वास्तविक 2011 पासून 'चिनी-भारतीय' असा जोडवंश नोंदवायची सोय आहे. पण घराच्या टक्केवारीसाठी त्यातला पहिलाच शब्द धरतात. जोडाक्षर लिहिलं तरी उच्चार एकाचाच.

एवढं सगळं असूनही मी या चार रकान्यांवर फारशी चिडत नाही. ते उघड आहेत. आकडे वेबसाइटवर आहेत, अपील करता येतं, संसदेत त्यावर प्रश्न विचारले जातात. मला खरा त्रास न छापलेल्या रकान्यांचा झाला. भाड्यानं घर शोधताना दलाल फोनवर छान बोलायचे, मग नाव विचारायचे, मग 'मालकांना जास्त स्वयंपाक चालत नाही' असं कळायचं. मी किती स्वयंपाक करते हे एकानंही विचारलं नाही. पूर्वी जाहिरातीत सरळ 'भारतीय नकोत' असं लिहिलेलं असायचं. आता लिहीत नाहीत.

टॅक्सीवाल्या अंकलचा प्रश्न आणखी वेगळा: 'तू इंडिया इंडियन, की सिंगापूर इंडियन?' म्हणजे आमच्या एका रकान्यातही भिंत आहे. पिढ्यान् पिढ्या इथे असलेल्या तमिळ माणसाला वाटतं की आम्ही कालचे लोक मोठ्या पगारावर येऊन मिरवतो. ते अगदीच खोटं नाही. आणि आमच्यातले काही जण त्याच्याशी बोलताना 'इथले ते' म्हणतात, ते मी स्वतः ऐकलं आहे.

राहता राहिलो आपण मराठी. गणपतीत इथली मराठी मंडळी एकत्र जमतात, ढोलताशे असतात, उकडीचे मोदक असतात. मागच्या वर्षी प्रसादाच्या रांगेत एका काकूंशी ओळख झाली. गाव विचारून झालं. मग माहेरचं आडनाव. ते ऐकून त्यांना नीट उलगडा होईना, कारण ते आडनाव कोल्हापुरात चार वेगवेगळ्या घरांत सापडतं. मग त्यांनी अगदी प्रेमानं विचारलं, "तुमच्यात गौरीला नैवेद्य काय असतो गं?"

"दरवर्षी वेगळा असतो काकू. लिटल इंडियातल्या टेक्का मार्केटात ज्या भाज्या मिळतील त्यावर."

काकू हसल्या. हातातला मोदक त्यांनी माझ्या लेकीला दिला, आणि मग नवऱ्याचं आडनाव विचारलं.