पुढच्या काचेची नोंद: थेंब गोल आहे, पण हलतोय का?

गाडीच्या काचांवर पाणी झटकणारी दोन कोटिंग्ज लावून तुलना करतोय. सध्याची मांडणी अशी. पुढच्या काचेवर मधोमध मास्किंग टेप लावून दोन भाग केलेत. ड्रायव्हरच्या बाजूला सिलिकॉनवालं कोटिंग, शेजारच्या बाजूला फ्लुओरोसिलेन (फ्लुओरिनवालं कोटिंग, पुढे नुसतं ‘फ्लुओरो’). दारांच्या काचांना सिलिकॉन. बाहेरच्या आरशांना मुद्दाम काहीच नाही.

वेळ खाल्ला तो घासाघाशीने. सिलेन (कोटिंगमधलं काचेला चिकटणारं रसायन) काचेच्या पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल गटांना (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्यांना) धरून बसतं, त्यामुळे मध्ये रस्त्याच्या तेलाचा थर असला तर ते त्या तेलालाच चिकटतं आणि तेलाबरोबरच निघून जातं. सेरियम ऑक्साइडने (काच पॉलिश करायच्या पावडरने) घासल्यावर पाणी टाकून पाहायचं: सलग पसरलं तर काच तयार, कुठे तुटून थेंब झाले तर तिथे परत घासा. वायपरची रबरी पातीही अल्कोहोलने पुसून घ्या, नाहीतर जुनं मेण परत काचेवर येतं.

आता मुद्द्याचं. गाडी उभी असताना दोन्ही भाग एकदम देखणे दिसतात. चांगल्या कोटिंगवर थेंबाचा कोन (थेंबाची कड काचेला टेकते तिथला, जितका मोठा तितका थेंब गोल) 100 ते 110 अंशांच्या घरात जातो, फोटोही झकास येतो. पण गाडी चालवताना कामाचा प्रश्न वेगळा आहे, थेंब घसरतो किती सहज? तो काचेला धरून ठेवतो त्याच्या पुढच्या आणि मागच्या कडेच्या कोनांतल्या फरकावर. फरक जितका कमी, तितकी पकड ढिली. म्हणून दोन्ही कोटिंग्ज लावलेल्या काचेच्या तुकड्यांवर ड्रॉपरने सारखेच थेंब टाकून, मोबाइल खाली धरून तिरपेपणा मोजला. फ्लुओरोवरचा थेंब दिसायला जास्त गोल होता, तरी सिलिकॉनवरचा कमी उतारावर निघाला. फ्लुओरोवरच्या थेंबाची शेपटी जागेवर अडकून लांबत गेली आणि मग एकदम सुटली. तेव्हापासून बोनेटवर मोबाइल टेकवून काढलेल्या फोटोंवरून कुणी कोटिंगचा निकाल लावला की मला हसू येतं.

रस्त्यावर: साधारण 60 किमी वेगाच्या पुढे वारा थेंबांना वर ढकलतो आणि काच मोकळी होते. मोठे थेंब आधी जातात, बारीक शेवटपर्यंत चिकटून राहतात, कारण आकार घटला की वाऱ्याचा जोर पकडीपेक्षा झपाट्याने कमी होतो. संथ वाहतुकीत, रिमझिम पावसात, रात्री हेच बारीक थेंब ताप देतात. प्रत्येक थेंब एक छोटं भिंग, समोरून हेडलाइट आले की सगळी काच चमचमते. शिवाय वायपर फिरला की पात्यामागे क्षणभर धुकं उठतं, पातळ पाण्याचा थर तुटून अतिबारीक थेंब होतात म्हणून. साध्या स्वच्छ काचेवर तोच थर सपाट राहतो आणि आरपार दिसतं. “वायपर लागतच नाही” म्हणणारे बहुधा दिवसा हायवेवर चालवत असावेत. माझा वायपर चालूच असतो.

पावसाच्या सेन्सरसमोरचा तुकडा टेप लावून कोरा ठेवलाय. काचेच्या आत परावर्तित होणारा इन्फ्रारेड प्रकाश बाहेर पाणी असलं की निसटतो, त्यावर तो पाऊस ओळखतो. थेंबांचा आकार बदलला की त्याचा अंदाज बिघडू शकतो.

आरसे कोरे का? त्यांच्यावर थेंब ढकलायला पुरेसा वारा लागत नाही. तिथे पाणी पसरवणारा लेप बरा. काचेच्या आतल्या बाजूलाही पाणी झटकणारं काही लावू नका, बाष्प बारीक थेंबांनी साचून धूसरपणा वाढतो.

आजची स्थिती: वायपरच्या कमानीत सिलिकॉन बरंच झिजलंय, पाणी तिथे पट्ट्यापट्ट्यांनी पसरतं. फ्लुओरो अजून धरून आहे. वायपरचा स्पर्शच नसलेल्या दारांच्या काचा उत्तम. म्हणजे घसरण्यात सिलिकॉन, टिकण्यात फ्लुओरो. पुढच्या वेळी कमानीपुरतं फ्लुओरो, कडेला आणि दारांना सिलिकॉन, आणि एका आरशावर पाणी पसरवणारी फिल्म लावून दुसऱ्याशी तुलना.