शेवटचं रीडिंग

वीज कंपनीत तंत्रज्ञ म्हणून 21 वर्षं झाली. मीटर काढायला गेलं की कुणी भांडतं, कुणी चहा पाजतं, एकदा तर अंगावर कुत्रं सोडलं होतं. पण त्या सोमवारी पीडीच्या, म्हणजे कायमच्या बंदच्या यादीत आमच्या गावातली टॉकीज दिसली. थकबाकी काही नव्हती, मालकांनी आपणहून अर्ज केलेला. भाग दुसऱ्याचा होता, तरी मी काम मागून घेतलं.

फाटक ऑपरेटरकाकांनी उघडलं. "कांड्या चोरणारा तूच ना रे?"

कांड्या कार्बनच्या. झेनॉन दिवा येण्याआधी दोन कांड्यांमध्ये आर्क, म्हणजे विजेची सलग ठिणगी, धरून पडद्यावर उजेड पाडायचे. जळून उरलेली थोटकं केबिनमागे पडायची. वर तांब्याचा मुलामा. आम्ही ती वेचून भिंतींवर रेघोट्या ओढायचो. एकदा काकांनी वर नेऊन काळ्या काचेतून आर्क दाखवला होता. "प्लसची लवकर जळते, म्हणून ती जाड. अंतर सांभाळत बसायचं, नाहीतर पडदा काळा आणि खालून शिट्ट्या." आयटीआयला वायरमन ट्रेड घेतला तो त्यामुळेच, असं मी सांगतो. मार्क कमी होते म्हणून, असं वडील सांगायचे.

केबिनमध्ये 35 मिमीची दोन्ही मशीनं धूळ खात उभी होती. रीळ साधारण 20 मिनिटांचं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला की दुसरं मशीन सोडायचं. सिनेमा उपग्रहावरून यायला लागला आणि काकांकडे बटण दाबणं तेवढं उरलं. "ठिपक्याची वाट बघायची सवय काही जात नाही बघ," म्हणाले.

खाली येऊन रीडिंग घेतलं. मीटरवरचा लाल दिवा सावकाश लुकलुकत होता. म्हणजे कुठेतरी काहीतरी चालू होतं. काका म्हणाले, सगळं बंद केलंय. बॅटरी घेऊन हॉलमध्ये शिरलो. डाव्या दारावर 'बाहेर' लिहिलेला तांबडा दिवा जळत होता.

"तो नाही विझवायचा. शो चालू असताना तर नाहीच."

"शो कुठे चालू आहे, काका?"

काही न बोलता ते थर्डच्या पहिल्या रांगेत जाऊन बसले. मी जरा थांबलो. मग मीटरपाशी जाऊन फ्यूजचे तिन्ही कटआउट ओढले.

आतून एक लांबलचक शिट्टी आली.