करिंथकरांच्या गावी

लहानपणी नगरला रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब बायबलमधलं ‘पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र’ म्हणाले, की मला करिंथ हे पाथर्डी-शेवगावच्या पलीकडचं एखादं गाव वाटायचं. नेवासकर असतात, श्रीगोंदेकर असतात, तसे करिंथकर. इफिसकर, फिलिप्पैकर, रोमकरसुद्धा होतेच. आजीला विचारलं तर म्हणाली, “लांब आहे गं, पण माणसं आपल्यासारखीच. भांडकुदळ.” पन्नाशी उलटल्यावर ते गाव बघायला ग्रीसला गेले. सोबत नवरा, ज्याला देवापेक्षा सनावळ्यांत रस.

सुरुवात उत्तरेकडून केली, कारण पौल, ख्रिस्ताचा हा प्रेषित, तिथेच उतरला. त्रोवसला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर, त्याला रात्री दृष्टान्त झाला. मासेदोनियाचा एक माणूस ‘इकडे येऊन आम्हाला साहाय्य कर’ अशी विनवणी करत होता. दोन दिवसांत जहाज नियापुलीला लागलं. ते आजचं कवाला. बंदराजवळ एक देऊळ, म्हणजे चर्च आहे, जे आधी मशीद होतं. त्याच्या बाहेर या दृष्टान्ताचं मोठं मोझेक आहे. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्यासमोर टेम्पो लावून एक जण टरबुजं उतरवत होता, त्यामुळे पौल आम्हाला कमरेपासून वरच दिसला.

तिथून फिलिप्पै पंधराएक किलोमीटर. आमची बस चुकली, टॅक्सीवाल्याने दुप्पट पैसे घेतले, जाऊ दे. आत गेल्यावर व्हिया एग्नाशिया लागते. रोमनांचा हा हमरस्ता एड्रियाटिक समुद्रापासून पूर्वेकडे जाई. दगडी फरशांवर गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या अजून दिसतात. चप्पल काढून मी एका चाकोरीत पाऊल ठेवलं. ऊन असं होतं की लगेच चप्पल घातली.

गावाबाहेरच्या नदीकाठी लुदियेचा बाप्तिस्मा झाला असं मानतात. ती थुवतीरा गावची, जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी, घर चालवणारी बाई. युरोपात पौलाचं ऐकून विश्वास ठेवणारी पहिली व्यक्ती म्हणून तिचंच नाव येतं. नदी म्हणजे आपल्याकडचा ओढाच. पण पाणी गार आणि स्वच्छ, वर चिनारासारख्या झाडांची सावली. तासभर बसलो.

पौल आणि त्याचा सोबती सीला यांना कोंडलं ती ‘तुरुंगाची खोली’ मात्र बहुधा रोमन पाण्याची टाकी. नवऱ्याने हे मोठ्याने सांगितलं आणि शेजारी प्रार्थना करत असलेल्या एका बाईने त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचा अर्धा तास तो गप्प होता. मला त्या खोलीपेक्षा दुसऱ्या दिवसाची गोष्ट आवडते. रात्री भूकंप झाला, दारं उघडली, तरी हे दोघे पळाले नाहीत. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, सुटलात, जा. पौल अडून बसला: आम्ही रोमन नागरिक, चौकशी न करता आम्हाला चारचौघांत छड्या मारल्या, आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः यावं. आणि ते आले! फिलिप्पै ही रोमन सैनिकांची वसाहत, त्यामुळे नागरिकत्वाचं वजन तिथल्या अधिकाऱ्यांना चांगलंच ठाऊक. हा प्रसंग वाचताना आजी दरवेळी चष्मा वर करून म्हणायची, “हा नगरचाच.”

थेस्सलनीका आता मोठं, गजबजलेलं शहर आहे. पौलाच्या काळचं बरंचसं आजच्या इमारतींखाली. अथेनैला, म्हणजे अथेन्सला, अरीयपगाच्या खडकावर चढलो. लाखो पायांनी तो इतका गुळगुळीत झालाय की बाजूला लोखंडी जिना बसवावा लागलाय. पायथ्याशी पौलाचं भाषण ब्राँझच्या पाटीवर ग्रीकमध्ये कोरलंय. ‘अज्ञात देवाला’ असं लिहिलेली वेदी या शहरात पाहिली, तिथून त्याने बोलायला सुरुवात केली. मृतांच्या पुनरुत्थानाशी आला आणि काही जण हसायला लागले. त्या शहरातून तो लवकरच निघाला.

आणि मग करिंथ. अथेन्सहून लोकलसारख्या गाडीने नव्या शहरात, तिथून जुन्या गावात. अपोलोच्या देवळाचे सात खांब उभे आहेत, मागे अक्रोकोरिंथचा डोंगर. थेट आपल्या एखाद्या गडासारखा, माथ्यावर तटबंदी. इथे पौल दीड वर्ष राहिला. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं सम्राट क्लौद्याने यहुद्यांना रोमबाहेर काढल्यामुळे इथे आलेलं. तिघांचा धंदा एकच, तंबू करण्याचा. पौल तार्सचा, म्हणजे किलिकियाचा. तो मुलूख बकरीच्या केसांच्या जाड कापडासाठी प्रसिद्ध. इतकं फिरलेला हा माणूस हातात सुई घेऊन पोट भरत होता, हे मला त्याच्या सगळ्या चमत्कारांपेक्षा जवळचं वाटतं.

चौकात दगडी ओटा आहे, न्यायासन. यहुद्यांनी पौलाला इथेच राज्यपाल गल्लियोपुढे उभं केलं आणि ‘तुमच्या नियमशास्त्राचं तुम्हीच बघा’ म्हणून त्याने सगळ्यांना हाकललं. इथे नवऱ्याला कंठ फुटला. हा गल्लियो तत्त्वज्ञ सेनेकाचा भाऊ. डेल्फीला सापडलेल्या शिलालेखात त्याचं नाव आहे, त्यावरून त्याचा कारभार इ.स. 51-52 च्या सुमाराचा ठरतो, आणि पौलाच्या सगळ्या तारखा या एका खुंटीला टांगता येतात. ओट्याच्या सावलीत मी हे सगळं निमूट ऐकून घेतलं.

माझ्या पिशवीत आजीचं पवित्र शास्त्र होतं. तिथेच बसून करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय काढला. आमच्याकडे लग्नात हाच वाचतात, प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे. माझ्याही लग्नात वाचला होता. पण आधीची बारा अध्यायांची पानं सलग वाचली तर ते पत्र लग्नाचं नाहीच. पौल इफिसहून करिंथकरांना झापतोय. तुमच्यात तट पडलेत, कोणी म्हणतो मी पौलाचा, कोणी मी अपुल्लोसाचा, म्हणजे दुसऱ्या एका उपदेशकाचा. एकमेकांना कोर्टात खेचता. प्रभूच्या भोजनाला बसता तर एक जण उपाशी आणि दुसरा झिंगलेला. इतकं सुनावून झाल्यावर ती प्रीती येते, झांजेच्या पोकळ आवाजाच्या दाखल्यासकट. आजीचं ‘भांडकुदळ’ आठवून मी एकटीच हसले.

संध्याकाळी किंख्रियाला गेलो, करिंथचं पूर्वेकडचं बंदर. नवस होता म्हणून पौलाने इथे डोक्याचे केस कापून घेतले आणि मग जहाज धरलं. नवस हा शब्द आमच्या शास्त्रात बघून लहानपणी मला फार बरं वाटायचं, शेजारच्या काकूंचा मोहट्याच्या देवीचा नवस आणि पौलाचा नवस एकाच शब्दात बसायचे. बंदराचे दगड आता निम्मे पाण्याखाली आहेत. दोन मुलं त्यांच्यावरून उड्या मारत होती. नवऱ्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरून भिंतीची लांबी पावलांनी मोजायला लागला.

याच गावच्या मंडळीतली एक बाई, फिबी. रोमकरांस पत्र तीच घेऊन गेली असं बहुतेक अभ्यासक मानतात. मी पवित्र शास्त्र ओलं होऊ नये म्हणून ओढणीत गुंडाळलं आणि चप्पल हातात घेऊन नवऱ्यामागे पाण्यात शिरले.