640 फ्रेम

पणजोबांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. सैनिक टाकळीच्या घरात कडेवर नाव कोरलेलं एक पदक तेवढं आहे. पहिल्या महायुद्धात ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होते. त्या मोहिमेचं जुनं चित्रीकरण घेऊन सात मिनिटांची फिल्म करायची, असं मी कोल्हापुरात बसून ठरवलं. परवाना निघतो मिनिटाच्या हिशोबानं, आणि माझ्या खिशाला झेपले 40 सेकंद.

फाईल टाइमलाइनवर टाकली आणि हसूच फुटलं. शिपाई तुरुतुरु पळत होते. तेव्हाचा कॅमेरामन हातानं हँडल फिरवायचा, सेकंदाला साधारण 16 फ्रेम. माझं सॉफ्टवेअर त्याच फ्रेम 24 नं पळवत होतं. वेग 16 वर आणला, चाल माणसांची झाली.

"रंग भर की लेका, एआय हाय की आता," मित्र म्हणाला. एक संध्याकाळ तेही केलं. वर्दी खाकी झाली खरी, पण चेहरा धूसर होता तिथं त्यानं स्वतःच्या मनानं नाकडोळे बसवले. शोधायला निघालो पणजोबांना आणि हाती आलं हे! उडवून टाकलं.

वाट सापडली ती येर्वांत जानिकियान आणि अँजेला रिच्ची लुक्की या इटलीतल्या फिल्म करणाऱ्या जोडप्यामुळं. युद्धाचं जुनं चित्रीकरण एकेक फ्रेम करून पुन्हा टिपता यावं म्हणून त्यांनी स्वतःचं यंत्र बनवलं होतं. बाबूराव पेंटरांनी 1918 मध्ये घरचा कॅमेरा तयार केला त्या कोल्हापुरात हे ऐकून नवल वाटायचं कारण नाही. मी यंत्र नाही बनवलं. हिशोब केला: 40 सेकंद म्हणजे 640 फ्रेम; सात मिनिटं भरायची तर एकेक फ्रेम पडद्यावर ठेवायची पाऊण सेकंदाला थोडी कमी. आवाज टाकला नाही. तोफांचे आवाज फुकट मिळतात, म्हणूनच टाकले नाहीत.

तीन महिने गेले. त्यातला एक आठवडा हार्डडिस्क बसल्यामुळं.

टाकळीत आत्तीला लॅपटॉपवर दाखवली. चौथ्या मिनिटाला एक शिपाई तांब्या उचलतो. तो तुकडा मी शेकडो वेळा पाहिला होता, माझं लक्ष कायम मागच्या उंटांवर.

"आरं, ह्यो वरनं पितोय बघ," आत्ती म्हणाली. "तोंड लावलं न्हाई तांब्याला."

मग चष्मा पुसून म्हणाली, "परत लाव."