दोन बोटं माया

शिवणकामात माया नावाचा एक शब्द आहे. कापड बेतताना शिवणीच्या आत जे जास्तीचं सोडतात, ती माया. अंग भरलं, कापड धुण्यात आटलं, की शिवण उसवायची आणि मायेतून अर्धा-एक इंच बाहेर काढायचा. आठवीच्या मराठीच्या पेपरात 'माया'चा अर्थ विचारला होता. आम्ही सगळ्यांनी प्रेम, ममता असलं काहीतरी लिहिलं. टेपनं लिहिलं, 'शिवणीत ठेवलेलं कापड'. सरांनी मार्क कापला. टेप पेपर घेऊन त्यांच्या टेबलाशी गेला आणि स्वतःच्या चड्डीची शिवण उलटी करून दाखवायला लागला. मार्क मिळाला नाही, पण वर्ग मधल्या सुट्टीपर्यंत हसत होता.

टेप हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. वडिलांचं सांगलीत गावभागात शिलाईचं दुकान होतं. एकदा हा दुकानातून थेट शाळेत आला तो गळ्यात टेप तसाच ठेवून. प्रार्थनेला उभा राहीपर्यंत त्याच्या लक्षातही आलं नाही. त्या दिवसापासून खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं. आता अठ्ठावन्नचा झाला, सासरा झाला, तरी आम्हा चार-पाच जणांना तो टेपच.

सगळ्यात जास्त मी त्याची पाठ बघितली आहे. शाळेची शेवटची तीन वर्षं आणि पुढं विलिंग्डन कॉलेजची पाच, असा आठ वर्षं मी त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर बसलो. गावभागातून विश्रामबाग म्हणजे चार-पाच किलोमीटर. माझ्याकडे सायकल नव्हती आणि त्यानं एकदाही 'आता तू मार' म्हटलं नाही. कधीतरी मीच म्हणालो तर म्हणायचा, "बस की गप. तू मारलीस तर पहिला तास चुकंल." घामानं शर्टावर खांद्यांच्या मधोमध एक ओला नकाशा उमटायचा, तो रोज वेगळा देश दाखवायचा. परीक्षेच्या दिवसांत मी मागं बसून मोठ्यानं वाचायचो आणि तो पेडल मारत ऐकायचा. अर्थशास्त्राचा त्याचा सगळा अभ्यास असा कानांनी झालेला आहे, आणि त्यात मी कुठं चुकीचं वाचलं असेन तर ते त्याच्या पेपरात तसंच उतरलं आहे. सेकंड क्लास मिळाला त्याला. मलाही.

1919 साली सुरू झालेल्या विलिंग्डनची ती दगडी भव्यता वगैरे मला पुढं, गाव सुटल्यावर जाणवली. तेव्हा आम्हाला तिथल्या झाडाखाली बसून भडंग खाणं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कपड्यांवर टेपचं धावतं समालोचन ऐकणं एवढंच महत्त्वाचं होतं. "त्या सरांचा डावा खांदा पाव इंच खाली आहे बघ. त्यांच्या टेलरला कळलेलं नाही." किंवा, "हा शर्ट मोठ्या भावाचा. बाही कापलीय, पण काखेत तसाच." नजरेनं मापं काढायची ही खोड त्याला वडिलांकडून आली होती. अशा माणसाबरोबर फिरताना आपल्या कपड्यांची लाज वाटायला हवी. मला कधी वाटली नाही, कारण माझ्या कपड्यांबद्दल तो कधी बोललाच नाही.

का बोलला नाही ते मला 1988 साली कळलं. पुण्याला मुलाखतीला जायचं होतं. माझ्याकडे बरा म्हणावा असा एकच पांढरा शर्ट, आणि त्याची कॉलर मानेच्या घडीवर विरलेली. मी तो त्याच्याकडे इस्त्रीला म्हणून दिला. रात्री परत आला तेव्हा कॉलर नवी कोरी. मला वाटलं, त्यानं दुसरं कापड लावलं. तसं नव्हतं. त्यानं कॉलर उसवून उलटी केली होती. विरलेली बाजू खाली, आतली न वापरलेली बाजू वर, आणि मूळच्याच भोकांवरून बारीक टीप. जुने शिंपी हे करायचे. आता कोणी सांगत नाही आणि करतही नाही. घडी घातलेल्या शर्टाच्या खिशात दोन सुट्टी बटणं आणि दोरा ओवलेली सुई. पैसे विचारले तर म्हणाला, "इस्त्रीचे काय घ्यायचे?" कॉलरबद्दल तो बोलला नाही, मीही बोललो नाही. नोकरी लागली. आजवर ती कॉलर आम्हा दोघांच्या बोलण्यात आलेली नाही. हे लिहिलेलं त्यानं वाचलं तर पहिल्यांदाच येईल, आणि तो बहुतेक म्हणेल की टीप इतकी काही बारीक नव्हती.

एवढं वाचून तो संत आहे असं वाटायला नको. शिंपी आहे तो. शिंप्यांचा जो एक सनातन दुर्गुण असतो तो त्याच्यात काठोकाठ भरलेला आहे. त्याच्या दुकानात आठवड्याला एकच वार असतो, गुरुवार. कुठलंही कापड कधीही टाका, "गुरुवारी या." कुठला गुरुवार, हे विचारायची सोय नाही. माझ्या लग्नाचा सूट त्यानं शिवला. लग्न रविवारी होतं, आणि गुरुवार येऊन गेला होता. मुहूर्ताला दीड तास असताना हा कार्यालयात उगवला, हातात पिशवी, पिशवीत कोट आणि एक पाय कच्च्या टाक्यावर असलेली पँट. वरपक्षाच्या खोलीत मी बनियनवर उभा, आणि हा जमिनीवर मांडी घालून पायाची तुरपाई करतोय. बाहेरून आमचे मामा दार बडवत होते. यानं दात लावून दोरा तोडला आणि शांतपणे म्हणाला, "मामा, आत्ता उघडलं तर नवरदेव चड्डीवर दिसंल." फोटोत सूट झकास आलाय. त्याच्या दुकानात तो फोटो अजून टांगलेला आहे, गिऱ्हाइकांना नमुना म्हणून.

वडिलांना दिसेनासं झालं तसं दुकान त्याच्याकडे आलं. मग रेडिमेडचे दिवस आले. शर्ट-पँटचं काम घटलं, शाळांच्या गणवेशांनी काही वर्षं तारलं, आता मुख्यतः आल्टर. लोक जीन्स घेऊन येतात, लांबी कमी करायला, चेन बदलायला. मी एकदा हळहळलो तर म्हणाला, "लेका, पूर्वी माणूस बघून कापड कापायचो. आता कापड आधी होतं, माणूस नंतर येतो. कापायचं दोन्हीकडं आहेच की." पण रेडिमेड पँट उलटी करून बघितली की त्याचं तोंड कडू होतं. "माया बघ किती ठेवलीय. नखाएवढी. या माणसानं काय वाढायचंच नाही का?"

तो फोनवर बोलत नाही. मोबाइल आहे, मेसेज उघडतो, उत्तर देत नाही. अपवाद पावसाळ्याचा. कृष्णेला पाणी चढायला लागलं की सांगलीत सगळे आयर्विन पुलाच्या पाणी मोजायच्या पट्टीवर बोलतात. 40 फूट इशारा, 45 धोका. चाळिशी गाठायच्या आधीच सूर्यवंशी प्लॉटातली माणसं सामान बांधायला लागतात. टेप रात्री दहाला फोन करतो, आणि हॅलो न म्हणता आकडा सांगतो. "अडतीस." मी विचारतो, कोयनेतून किती सोडलंय. तो सांगतो. फोन संपला. बायको म्हणते, हे काय बोलणं झालं? तिला कसं सांगायचं, मापं घेणाऱ्या माणसाचं ख्यालीखुशालीचं पत्र असंच असतं.

2019 च्या ऑगस्टमध्येही असेच फोन आले. "पन्नास." "त्रेपन्न." "छप्पन." पाणी 57 च्या वर गेलं. रोज मी विचारायचो, तू बरा आहेस ना, तो म्हणायचा, "वरच्या मजल्यावर आहे." दुकानाचं त्यानं एका फोनमध्येही सांगितलं नाही, आणि मला, इतकी वर्षं गावभागात काढलेल्या माणसाला, विचारायचं सुचलं नाही. हे मला अजून टोचतं.

पाणी उतरल्यावर गेलो. दुकानात गुडघ्याखाली गाळ, भिंतीवर छताच्या जरा खाली ओलाव्याची रेघ. वडिलांच्या पायमशीनचं लाकूड फुगून वर आलेलं. तो उंबऱ्यावर बसून मापवह्या सुकवत होता. दुकानाला आडवी दोरी बांधून एकेक पान चिमट्यानं लावलेलं. पेननं लिहिलेली पानं धुऊन गेली होती. वडील शिसपेन्सिलीनं लिहायचे आणि त्यानंही ती सवय ठेवली होती, म्हणून बरीच वाचली. मी ती नुसतीच बघत होतो तर माझं पान दिसलं. वर माझं नाव, खाली कंबर. 28, 30, 32, 34, 36. प्रत्येकासमोर वर्ष. आणि सगळ्यात खाली, अठ्ठ्याऐंशी सालच्या अक्षरात, 'दोन बोटं माया ठेवणे. वाढणार.'

"हे काय लिहिलंयस?" मी विचारलं.

"मग? वाढलास की नाही?" असं म्हणून त्यानं पुढचं पान दोरीवर लावलं. मी बूट काढून गाळ उपसायला घेतला.

जूनमध्ये सांगलीला गेलो तेव्हा पँटचं कापड टाकून आलो. त्यानं टेप कमरेभोवती घेतला, मी पोट आत ओढलं, तो टेप धरून तसाच उभा राहिला. मला श्वास सोडावाच लागला. त्यानं 38 लिहिलं आणि म्हणाला, "गुरुवारी घेऊन जा." मी पुण्यात राहतो हे त्याला माहीत आहे.

त्याला सहा गुरुवार झाले. काल रात्री दहाला फोन आला.

"बत्तीस."

"टेप, पँटचं काय झालं?"

"पाऊस लई आहे रे वर," तो म्हणाला आणि फोन ठेवला.